फोटोपुरती खेळणी

वहिनीला वळ गावच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम लागलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. तीन वर्षांच्या भाचीला सकाळी अंगणवाडीत सोडायचं आणि दुपारनंतर माझ्या आईने सांभाळायचं, असं ठरलं. खारबावजवळच्या आमच्या गावात अंगणवाड्या दोन.

"ताई, तुम्ही इंग्लिश शाळेत शिकल्या. तुम्हीच बघून सांगा," वहिनी म्हणाली.

अनोळखी दारात उभं राहायचं म्हटलं तरी मला घाम फुटतो. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, म्हणून गेले.

आधी पाड्यावरची. दाराशीच गटाराचा वास. संडासाला कुलूप, आत तांदळाच्या गोण्या. मुलं शी-शूला मागच्या भिंतीपाशी बसायची, आणि तिथून चार पावलांवर खिचडीचं पातेलं उघडं. माश्या दोन्हीकडे सारख्याच. मदतनीस पदराने माश्या हाकलत होती आणि त्याच पदराने एकाचं नाक पुसत होती. आत एका बिनचाकाच्या ट्रकवरून तिघांची मारामारी चालली होती. मी ओढणी नाकाला लावली. तिने ते पाहिलं.

"व्हईल सवय, बाय," ती म्हणाली.

शाळेजवळची मात्र चकचकीत. पुसलेली फरशी, भिंतीवर रंगवलेले प्राणी, उंच फळीवर बाहुल्या, ठोकळे, भातुकली. सगळं प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं. खाली मुलं हाताची घडी घालून.

"बरं झालं मॅडम, आलात," तिथली सेविका म्हणाली. "एक फोटो काढा ना आमचा. ग्रुपवर टाकायचाय."

खेळणी उतरली, प्लॅस्टिक निघालं. "हसा!" मुलं हसली. मी फोटो काढला. लगेच, कोणी न सांगता, मुलांनी ओळीने खेळणी परत केली. एका मुलीने तर बाहुलीचा फ्रॉक नीट करून दिला.

"खेळायला नाही देत?" मी हळूच विचारलं.

"तोडत्यात ना! मंग साहेब आले की काय दाखवू?"

पाड्यावर नाकाला ओढणी लावली होती. इथे कशाला लावायची ते कळेना.

घरी वहिनीने माझा मोबाईल घेतला आणि फोटो मोठा करून बघत बसली. "अगं बाई, भातुकली पण हाय! आन् पाड्यावर?"

"तिकडे वास येतो," मी म्हणाले. ते खरं होतं. बाकीचं सांगायला शब्द जुळवत होते, तोवर ती भाचीला फोटो दाखवायला लागली होती. "बघ, तुझी शाळा."



दोन आठवड्यांनी भाचीला एक बाहुली आणली. तिने ती छातीशी धरली, माझ्याकडे बघून सगळे दात दाखवले. मग बाहुली मला परत दिली आणि हाताची घडी घालून बसली.

"किती वळण लागलं बघा," वहिनी कौतुकाने म्हणाली. "तुम्ही शाळा बघितली म्हणून, ताई."

मी बाहुली पुन्हा तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती उचलून परत माझ्याकडे केली.