आधी नाव, मग कात्री

पत्रा कापण्याआधी दगडूनाना त्यावर दोनदा नाव लिहीत. एकदा कापून जाणाऱ्या भागावर, एकदा मागे उरणाऱ्या भागावर. ग्रेड कोणती, पत्रा कोणत्या भट्टीतला, सगळं ठळक अक्षरात. त्याशिवाय मशीनला हात लावत नसत. डब्यातली भाकरी मोडतानाही त्यांचा हात क्षणभर थांबे आणि आम्ही हसत असू, "नाना, नाव लिहायचं राहिलं!"

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनत. नव्वद सालाच्या आसपास धुळ्याहून डिप्लोमा करून मी तिथे तपासनीस म्हणून लागलो, तोऱ्यातच. पहिल्याच दिवशी नानांनी तीन तुकडे पुढे ठेवले. मी चुंबक लावलं. एक चिकटला, दोन नाही. "हे दोन्ही ३०४," मी सांगून मोकळा.

"आंगमा काय शे, ते चुंबकले काय माहीत?" नाना म्हणाले.

त्या दोनांतला एक २०२ निघाला. त्यात महागाचं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही. ३०४ म्हणजे अठरा भाग क्रोमियम, आठ भाग निकेल. निकेल थोडं वाढवून दोन भाग मोलिब्डेनम घातलं की झालं ३१६, जे मिठापुढे टिकतं. हे सगळं मी परीक्षेत लिहून आलो होतो. समजलं त्या दिवशी. आकड्यांपेक्षा नानांना आपल्या देशी मानकातलं लांबलचक नाव आवडे, कारण त्यात कोणता धातू किती ते लिहिलेलंच असतं. "बठ्ठा पत्रा सारखाच दिखतस," ते म्हणत, "म्हनीसन पहिले नाव लिख, मंग काप."

एकदा धुळ्याच्या एका लोणचेवाल्यांची ३१६ची टाकी तयार झाली. टेम्पो दारात उभा, गिऱ्हाईक स्वतः आलेले, नारळही फुटला होता. तेवढ्यात नाना उरलेले पत्रे ठेवायच्या घोडीकडून एक कोरा तुकडा घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"यावर नाव नही. मीच कापेल शे."

तो टाकीचा तळ कापून उरलेला तुकडा होता, आणि तळ कापला त्या दिवशी मशीनवर ३०४ आणि ३१६ दोन्ही पत्रे होते. टाकीचा तळ त्यांतल्या कशाचा, हे आता नुसतं पाहून कुणालाच सांगता येईना. कागदावर '३१६' लिहून सही मी केली होती, न तपासता. नानांनी कापलं म्हणजे तपासायचं काय, अशीच आमच्याकडे रीत पडली होती.

शेठ त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "नाना, दोन वर्षं कुणाला कळणार नाही. आणि बरोबरच असेल कदाचित."

"माले ते कळी गयं ना, शेठ."

असं म्हणून ते सरळ गिऱ्हाइकासमोर जाऊन उभे राहिले. "भाऊ, टाकी आज जानार नही. मी चुकनू."

सगळ्यांसमोर तपासणी झाली. औषधाचा थेंब टाकून बॅटरीची तार टेकवली. मोलिब्डेनम असेल तर डाग गुलाबी होतो. टाकीच्या भिंतीवर झाला. तळावर झाला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तळ कापून नवा बसवायला चार दिवस लागले. त्या गृहस्थांनी टाकी नेली, पण पुढचं काम दुसरीकडे दिलं. शेठ कित्येक दिवस नानांशी धड बोलले नाहीत. आजवर ज्यांच्या शब्दावर माल जात होता, त्यांच्याकडे पाहून पोरं आता कुजबुजू लागली.

नानांनी मात्र एक नवंच सुरू केलं. कापलेला प्रत्येक तुकडा ते माझ्या टेबलावर आणून ठेवत आणि तपासून होईपर्यंत समोर उभे राहत. वडिलांच्या वयाचा माणूस! मी संकोचून नुसतं वरवर पाहत असे.

एकदा मी न राहवून म्हणालो, "नाना, तुमचं काय तपासायचं?"

"तपास, भाऊ. मी एकदाव चुकनू, परत बी चुकसू. आन्‌ तू लाजशी, तर मी चुकनू हाई माले कोन सांगी?"

मी थेंबाची बाटली काढली आणि त्यांच्यासमोर पहिल्यांदा नीट तपासायला बसलो.