आतोबांचा फुटपाथ

घर बघायला येऊन घराकडे पाठ करून उभा राहणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि ते माझे आतोबा आहेत. दलाल कौतुकाने आत बोलावतोय, आत्या नळ सोडून बघतेय, ओट्यावरून हात फिरवतेय, आणि हे गृहस्थ बाहेर रस्त्यावर डोळे गच्च मिटून, छत्रीच्या टोकाने जमीन टकटकवत चाललेत! आजूबाजूची माणसं थबकायची. एकदा एका बाईने आपलं कडेवरचं मूल पदराखाली झाकून घेतलं, ते मी स्वतः पाहिलंय.

कारण साधं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबांना काचबिंदू. उरलीसुरली नजरही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुसरा कोणी असता तर खचला असता. यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे यांना संकट दिसलं ते नकाशाच्या रूपात. घरी येऊन म्हणाले, "नजर आहे तोवर एक वाट शोधायची आणि ती पायांना पाठ करून टाकायची. मग जाऊ दे डोळे. पण कोणी माझा हात धरून मला फिरवलेलं चालणार नाही." आत्या म्हणाली, "अहो, मी आहे की हात धरायला." तर म्हणे, "तुझे गुडघे बघ आधी. दोघंही पडू."

ठाण्यात ती वाट मिळण्याची आशाच नव्हती. तिथल्या फुटपाथवर आधी वडापावची गाडी, मग आडव्यातिडव्या मोटारसायकली, मग कुठल्यातरी मंडळाचा न सोडलेला मांडव, आणि हे सगळं ओलांडलंच तर झाकण नसलेलं गटार. आतोबा त्यात कमरेपर्यंत गेले होते. लोकांनी वर काढलं, तर कपडे झटकायच्या आधी त्यांनी विचारलं काय, "पुढे फुटपाथ आहे का हो?" मी जव्हारला आश्रमशाळेत शिकवते. हवा चांगली, गर्दी कमी, म्हणून मीच बोलावलं. हौस मला!

मग आमची वाटशोधणी सुरू झाली. मोखाड्याला गेलो, तर बाजाराच्या रस्त्याला कडाच नाही. घराचा उंबरा संपला की जीपचं चाक सुरू. सूर्यमाळचं पठार आतोबांना फार आवडलं. डोळे मिटून इतके लांब गेले की शोधायला दोन गुराखी धाडावे लागले. पण उन्हाळ्यात तिथे हंड्याहंड्याला बायका किती लांब चालतात ते आत्याने विचारून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला चालायला मिळेल हो, मला प्यायला कोण देणार?" जव्हारात डेपोजवळची खोली एसटीच्या भोंग्यांनी बाद झाली. मी तर टेकीला आले होते.

आणि मग श्रावणातल्या एका दुपारी, गावाच्या अगदी कडेला, ती सापडली. रस्त्याला लागून वीतभर उंच, काळ्या फरशांची सरळ वाट, कडेला घडीव दगडांची ओळ. जव्हारच्या राजाच्या काळातली असावी, असं कोणी म्हणे. झऱ्यापर्यंत उतरत गेलेली. आतोबांनी छत्रीचं टोक त्या कडेच्या दगडांवरून ओढत नेलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "अगं, रेघ आहे ही! आंधळ्यासाठी आखलेली रेघ!" समोरच्या घरात एक म्हातारी मावशी एकटी राहायची. तिची पुढची पडवी आणि दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. त्या खोल्यांना खिडक्या किती, हे आतोबांना अजून माहीत नाही.

खरं म्हणजे मला तिथेच शंका यायला हवी होती. आपल्या देशात चांगला रुंद फुटपाथ आणि त्यावर काहीच नाही? भाजीवाली नाही, गाडी लावलेली नाही, वाळत घातलेलं भात नाही, झोपलेलं कुत्रंसुद्धा नाही? माणसं येताजाता त्यावरून चालायची, पण कोणी टेकायचं नाही. आम्ही ठाण्याची माणसं, आम्हाला वाटलं, काय शिस्त आहे!

राहायला आले त्याच संध्याकाळी आतोबा निघाले. धुकं असं उतरलं होतं की चार पावलांपलीकडचं दिसेना. ते डोळे मिटून फरशांवरून, आणि मी जरा मागे, खालच्या डांबरी रस्त्यावरून. थोडं पुढे गेल्यावर मला माणसं दिसायला लागली. फाट्यांची मोळी डोक्यावर घेतलेल्या बाया, बाजारातून परतणारे बाप्ये, सगळे फरशीवरून खाली उतरून ओळीने उभे. चपला हातात. एकाने मोटारसायकल बंद करून धरून ठेवलेली. कोणी बोलत नव्हतं. आणि त्यांच्यातलं एकही माणूस आतोबांकडे बघत नव्हतं. सगळे बघत होते त्यांच्या किंचित मागे. मला तिथे नुसतं धुकं दिसत होतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी भराभर पावलं उचलली. आतोबा मात्र ऐटीत झऱ्यापर्यंत गेले, डोळे उघडले आणि खूश होऊन मला म्हणाले, "बघितलंस? मागून कोणीतरी येत होता. जड पावलाचा. पण ना भोंगा, ना धक्का, ना पुढे घुसणं. ठाण्यात असा सभ्य माणूस दाखव मला!"

घरी आलो तर मावशी दारात उभी. आतोबांना नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "बाबा, चालून आलास? बरा आलास." मग माझ्याकडे वळली. "बाई, मी सांगाया इसरलू. दिस बुडला का त्या फरशीवर पाय नाय द्यायचा. ती वाट वाघोबाची हाय. तो पाण्यावर उतरतो. दिवसा आपली, सांजची त्याची. आपुन बाजूला व्हायचा, चपला काढायच्या, त्याला जाऊ द्यायचा."

आत्या म्हणाली, "उद्याच परत जाऊ या." मला वाटलं, आतोबा हसतील, भूगोल सांगतील. ते हसले नाहीत. पडवीत बसले, छत्री मांडीवर आडवी घेऊन. मग म्हणाले, "मावशी, दिवसाच चालेन मी. पण उद्या मला दिस बुडालेला कळणार कसा? माझी तर कायमची तिन्हीसांज होणार आहे." त्यांच्या हातातून ती एकुलती एक वाट जाताना मला समोर दिसत होती.

मावशीने मात्र डोकं खाजवलं आणि म्हणाली, "मंग त्याला सांगू. नवा माणूस आला का सांगावाच लागतो."

दुसऱ्या सकाळी पाड्यावरून एक म्हातारा भगत आला. झऱ्याजवळ वाघोबाची शेंदूर लावलेली लाकडी फळी आहे, तिच्यावर वाघ, चांद, सूर्य कोरलेले. तिथे तांदळाची रास मांडली, नारळ फोडला आणि भगत आतोबांना म्हणाला, "तूच सांग. कोन तू, कुठला." आतोबांनी चपला काढल्या, घसा खाकरला आणि शाळा तपासणीला अधिकारी आल्यासारखे ताठ उभे राहिले. "मी सेवानिवृत्त शिक्षक. मूळचा ठाण्याचा. दृष्टी अधू, पुढे पूर्ण जाणार. डावीकडून चालण्याची सवय आहे. माझ्याकडून वेळेची चूक झाल्यास जाणूनबुजून केलेली समजू नये." मला हसू आवरेना. भगत मात्र गंभीरपणे मान हलवत होता, आणि आतोबांनी, देवाशपथ, फळीपुढे हात जोडले होते.

नजर पुढच्या दिवाळीच्या सुमारास गेली. आतोबा मात्र त्या वाटेवरून रोज एकटे जातात, एकटे येतात. फरशी सैल झाली तर गावातल्या कोणाच्या आधी त्यांना कळते. तिन्हीसांजेला आपणहून खाली उतरतात, चपला काढून हातात घेतात. मी एकदा विचारलं, "तुम्हाला कळतं कसं?" तर म्हणाले, "सोपं आहे. सगळ्यांची पावलं फरशीवरून उतरतात, ती ऐकायची आणि आपण उतरायचं." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, यात काही अगम्य नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा पुन्हा तसंच धुकं. शाळेतल्या कटकटी सांगत मी त्यांच्या बरोबरीने चालले होते. मधेच त्यांनी छत्री माझ्यापुढे आडवी धरली आणि कुजबुजले, "उतर. सगळे उतरले."

मी खाली उतरले, चपला काढल्या आणि मागेपुढे पाहिलं. बाजारचा दिवस नव्हता, दिवसभर पावसाची झड होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही दोघंच.

"आतोबा," मी म्हटलं, "इथे कोणीच नाहीये."

न दिसणारे डोळे फरशीकडे लावून त्यांनी मान थोडी झुकवली, ओळखीच्या माणसाला वाट देताना झुकवतात तशी. मग त्यांनी चपला घातल्या, छत्रीचं टोक कडेच्या दगडाला लावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "भीती वाटत असेल तर धर माझा हात. मला नकोय. तुला हवा असेल तर."

मी धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.