कात्रणांची पुरचुंडी

माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर नव्या शिंप्यानं दुकान थाटलं तेव्हा त्यानं मुंबईहून माणसाच्या उंचीचा आरसा आणला. अमरावतीच्या कापूस बाजारात तेव्हा पैसा असा खेळत होता की लोक बैलांची शिंगं चांदीनं मढवत. साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला भाव चढला होता, एवढंच आम्हाला ठाऊक. गिऱ्हाईक आरशापुढं उभं राहिलं की तो शिंपी म्हणायचा, "वा, राजे दिसून राहिले." मग बंडी बगलेत काचत असली तरी माणूस खुशीत घरी जायचा.

माझ्याकडे आरसा नव्हता, बायको होती. ती आत बसून अंगरख्यांना बंद लावायची आणि कुणी कपडा अंगात घातला की दारातून एकदा बघायची. "पाठीत ढिला हाय. काढा." कित्येकांना ते झोंबायचं. मला विचाराल तर असा आरसा मुंबईतही मिळाला नसता.

आमच्या घराण्याची रीत वडिलांपासून चालत आलेली होती. कापड आलं की गिऱ्हाइकासमोर, त्याच्याच हातानं मोजायचं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आणि शिवून झालं की उरलेलं एकूणएक कात्रण पुरचुंडीत बांधून कपड्यासोबत परत द्यायचं. शिंपी कापड मारतो असं सगळ्या जगाला वाटतं. मी बोटभर चिंधी कधी ठेवून घेतली नाही. समोरच्या शिंप्याला याचं हसू यायचं. "चिंध्या काहून बांधून देतो? लोकायची हौस मोडते," असं तो ओट्यावरून मोठ्यानं म्हणायचा.

ही रीत मी आयुष्यात एकदाच मोडली, आणि तीही छाप पाडायच्या नादात. जवळच्या गावचे एक पाटील मुलाच्या लग्नाचा अंगरखा शिवायला जांभळी मखमल घेऊन आले. मुलगी अकोल्याची होती, वऱ्हाड मोठं होतं. हे काम चांगलं झालं असतं तर पाटलांचे सगळे भाऊबंद माझ्या ओट्यावर आले असते. मखमल मुंबईहून मागवलेली, आखा तुकडा, दोन्ही टोकांना विणलेली पिवळी पट्टी. "बारा हात हाय," पाटील म्हणाले. एवढा मोठा माणूस, त्याला कोपर पुढं करा कसं म्हणायचं? मी हसलो, कापड कपाळाला लावलं आणि घडी आत नेली. बायको म्हणाली, "मोजलं नाई तुमी." मी तिच्यावरच खेकसलो.

मखमलीला लव असते. सगळे भाग एकाच दिशेनं कापावे लागतात, नाहीतर एकाच कपड्यात दोन रंग दिसतात. मी तसंच कापलं. कापड जरा ओढूनताणून पुरलं. तेव्हा शंका यायला हवी होती, पण मला मोठ्या गिऱ्हाइकाची धुंदी चढली होती. अंगरखा आणि पुरचुंडी पाटलांच्या घरी पोचती केली.

लग्नाला तीन दिवस होते. पाटलांनी बोलावणं धाडलं. त्यांच्या अंगणात पाहुणे बसले होते आणि समोरचा आरसेवाला शिंपीही होता. त्यानं अंगरखा उलटापालटा करून सांगितलं होतं की याला अकरा हात लागले, हातभर मखमल शिंप्याच्या घरात आहे.

"बारा हात देल्लं होतं तुले," पाटील सगळ्यांदेखत म्हणाले. "उरलेलं आणून दे. मी काई बोलणार नाई."

आणून दिलं तर चोर, नाही दिलं तरी चोर. मी त्यांच्याकडे पुरचुंडी मागितली. पाटील म्हणाले, ती उकिरड्यावर टाकली असेल. पाटलीणबाई आत गेल्या आणि फडताळातून ती घेऊन आल्या. गाठ माझीच होती, सुटलेली नव्हती.

मी अंगणात सतरंजी मागितली, पातं काढलं आणि अंगरखा उसवायला बसलो. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. पाटील म्हणाले, "अरे, काय करून राहिला?" मी बाह्या, पाठ, घेराच्या कळ्या, सगळं सुटं केलं आणि कापडावर जसं होतं तसं एकाला एक लावत गेलो. मधल्या फटींत कात्रणं बसवली. शेवटची चिंधी बसली तेव्हा सतरंजीवर मखमलीचा आखा तुकडा होता, या टोकाला पिवळी पट्टी आणि त्या टोकालाही पिवळी पट्टी. मध्ये नखाएवढी जागा रिकामी नव्हती.

"आता मोजा," मी म्हणालो. "तुमच्याच हातानं."

पाटील वाकले. अकरा भरले. मुंबईच्या दुकानदारानं त्यांना हातभर कमी दिलं होतं.

मग पाटील म्हणाले, "बरं, झालं गेलं. सांजेपर्यंत शिवून दे."

"मी नाई शिवत," मी म्हणालो. "ज्यानं मोजून सांगितलं, तोच शिवंल." आणि पातं पुसून उठलो.

आरसेवाल्यानं शिवला. लव त्याला कळली नाही. नवरदेवाची एक बाही जांभळी आणि दुसरी काळपट, असं साऱ्या अकोल्यानं पाहिलं. त्या पोराचं मला आजही वाईट वाटतं, त्याचा काही दोष नव्हता. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तसाच उठेन. पाटलांचे भाऊबंद माझ्याकडे फिरकले नाहीत. तो हंगाम आम्ही बाजारकऱ्यांच्या बंड्या शिवून काढला. बायकोनं एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तिच्या बाबतीत ते फार होतं.

पुढं ती दूरची लढाई मिटली, कापसाचा भाव बसला. बैलांच्या शिंगांवरची चांदी उतरली. आरसेवाला आरसा गाडीत घालून अकोल्याकडे निघून गेला. एका बाजाराच्या दिवशी पाटील स्वतः माझ्या ओट्यावर आले. काखेत साधं मांजरपाट होतं, बंडीपुरतं.

मी घडी उलगडली तसे ते म्हणाले, "मोजू नको. भरोसा हाय मले तुयावर."

"मले बी हाय तुमच्यावर," मी म्हणालो. "कोपर पुढं करा."

त्यांनी बाही वर सारली.