दिवा वाढला

रॉकेलचा वास आणि तापलेल्या काचेचा वास हे दोन वेगळे वास आहेत, हे कंदिलाच्या उजेडात मोठ्या झालेल्या माणसालाच कळते. पहिला ओलसर, किंचित झोंबणारा. दुसरा कोरडा, उन्हात राहिलेल्या पाटीसारखा. घाटनांदूरहून वस्तीकडे जाणारी पायवाट ओढा ओलांडून वर चढली, की संध्याकाळच्या वाऱ्यावर हे दोन्ही वास मला सामोरे येत, आणि मग अक्काच्या ओसरीवरचा कंदील दिसे. आधी नुसता पिवळा ठिपका, करडईच्या फुलाएवढा. मी जवळ जाऊ लागलो की तो मोठा होई, आणि ते केवळ अंतर सरल्यामुळे नव्हे! अक्का वात बारीक ठेवून बसे आणि वाटेवर पाऊल वाजले की ती वर करी. येणाऱ्याला उंबरा दिसावा, आणि येणारा कोण हे तिलाही दिसावे. स्वागत आणि पहारा ही दोन्ही कामे एकाच बोटाने करणारी माझी ही थोरली बहीण गेल्या आषाढात गेली.

विजेचे खांब ओढ्याच्या अलीकडेच थांबले आहेत. पलीकडच्या वस्तीला लागून अक्काची दोन खोल्यांची दगडी इमारत आहे. पुढच्या खोलीत ती राहत असे. मागच्या खोलीला लोक अमानतीची खोली म्हणत. दसरा झाला की वस्तीवरची घरे एकामागून एक कड्या लावून ऊसतोडीला निघतात, मागे उरतात फक्त म्हातारी माणसे. जे ट्रॅक्टरवर नेता येत नाही आणि रिकाम्या घरात ठेवता येत नाही, ते सारे या खोलीत येई: लोखंडी पेट्या, पितळी हंडे, एखादी सायकल, कुणाच्या लेकीची वह्या-पुस्तके. अक्का चिठ्ठी लिहीत नसे. ज्याची वस्तू, त्याच्याच घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून ती त्या वस्तूला बांधी. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले. पण चैत्रात परतलेली बाई आपली चिंधी ओळखून ज्या तऱ्हेने हसे, तसा आनंद माझ्या क्रमांकांनी कुणाला दिल्याचे मला आठवत नाही.

आमच्या घरात दिवा कधी विझवला नाही, तो वाढवला. तुमच्याकडेही असेलच ही रीत. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढवतात. आपली भाषा शेवटाचे नाव घ्यायला इतकी का बिचकते? हे भय म्हणावे, की संपण्याच्या तोंडावरही वाढीचाच शब्द उच्चारण्याचा हट्ट? अक्काला अग्नी देऊन आम्ही परतलो तेव्हा ओसरीवरचा कंदील दिवसाउजेडी तसाच जळत होता. तो मीच वाढवला. मग पुन्हा लावण्याचे धैर्य झाले नाही.

दसऱ्याच्या आधी मी इमारतीला कुलूप लावायला म्हणून गेलो होतो. शेजारची रुक्मिण दारात उभी राहिली. "दादा, औंदा अमानत ठिवायची का न्हाई?" तिची अमानत म्हणजे शिलाई मशीन. अर्धे वर्ष कोयता आणि अर्धे वर्ष मशीन असे तिचे आयुष्य विभागलेले. मशीनचा हिस्सा वाढवत न्यावा आणि एक दिवस कोयता खुंटीला टांगून द्यावा, एवढेच तिचे स्वप्न. मशीन गेले तर हाती कोयताच उरणार होता. मी बीडला राहतो. वस्तीवर राहून पहारा करणे माझ्याने होणार नव्हते. "नाही" एवढाच शब्द पुरला असता. पण अक्काच्या दारात उभे राहून तो उच्चारता येईना.

म्हणून मी बीडहून उन्हावर चालणारा दिवा आणला. छपरावर ऊन साठवणारी सौर पाटी, खाली बॅटरी, ओसरीच्या कोपऱ्यावर दिवा. तो बसवायला आलेल्या शफीकभाईंना मी पाटीसाठी जागाही सुचवली, अक्काच्या आवडत्या निंबाजवळची. त्यांनी एकदा झाडाकडे आणि एकदा माझ्या चष्म्याकडे पाहिले. "सर, गार सावलीत बसून बॅटरीला काय पुस्तकं वाचायचीत का?" मग पाटी दक्षिणेकडे, उघड्या उन्हात गेली. दिवा अंधार पडताच मंद लागेल, आणि समोर माणूस-जनावर काहीही हलले की मोठा होईल, हे त्यांनी जमलेल्या बायकांना हात हलवून समजावले.

रुक्मिण कौतुकाने पाहत राहिली, पण मान हलवेना. "लई भारी हाय, दादा. पन दिव्याखाली मानूस कुटं हाय?"

"मी हाय की गं," समोरच्या दारातून तिची सासू कोंडामावशी कडाडली, "का मला मानसात धरत न्हाईस?"

"तुमाला उटून बसायला एक घटका लागती, आत्याबाई. तवर चोर जेवून जाईल."

अखेर ठरले ते असे: ऊसतोडीची टोळी चार दिवसांनी निघणार, तोवर दिव्याची परीक्षा. दिवा नीट वागला तर मशीन खोलीत, नाहीतर रुक्मिण ते तालुक्याला नेऊन जो घेईल त्याला देऊन टाकणार. चावी कोंडामावशीकडे राहील, आणि काही झाले तर ती मला फोन करील.

मी बीडला परतलो, आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर फोन आला. वाऱ्याच्या घोंगावण्यातून मावशीचा आवाज: "दादा, दिवा वाढला बरं का!" आणि फोन कटला.

मी परत लावला नाही. काय विचारायचे होते? शोकातला माणूस वाईट बातमी अर्धीच ऐकतो आणि उरलेली अर्धी स्वतःच्या मनाने पुरी करतो. मला वाटले, अक्का दुसऱ्यांदा गेली. आणि या वेळी माझ्या हातून. कुठली तार मी चुकीची निवडली, कुठला दिवा स्वस्तातला घेतला, याचा हिशेब करण्याचेही त्राण उरले नाही. पहाटेची एस.टी. धरली. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर रात्रीच्या रंगीत माळा उजाडल्यावरही तशाच लुकलुकत होत्या. इतका उजेड इथे सांडून वाया जातो, आणि ओढ्यापलीकडे ओंजळभरही टिकू नये! अंबाजोगाईला गाडी बदलताना मी रुक्मिणसमोर म्हणायची वाक्ये मनात जुळवीत होतो. एकही पुरे होईना.

पोचलो तेव्हा अमानतीची खोली उघडी होती. रुक्मिण मशीनच्या पायाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधत होती.

"कावून आलाव एवढ्या गडबडीनं?" कोंडामावशीने विचारले.

"दिवा..." मी म्हणालो. "तुम्हीच ना सांगितलं, वाढला म्हणून?"

म्हातारी ओसरीचा खांब धरून हसू लागली. "अरं द्येवा! वाढला म्हंजे मोठा झाला! ही तुमची रुक्मिण चोरावानी आली, पदर तोंडावर घिऊन, दिव्याला फसवाया. पायरीवर पाय टाकला न्हाई तर असा वाढला, असा वाढला, की हिच्या नाकातली चमकी मला माज्या बाजंवरून दिसली!"

"आन् वरडल्या कशा," रुक्मिण चिंधीची गाठ आवळत म्हणाली, "'कोन हाय बे!' गडीमानसावानी. माजा तर जीवच गेलता." मग तिचा आवाज खाली आला. "दादा, अक्काबी आशीच की. पाऊल वाजलं की वात वर करायची."

पन्नास वर्षे मी ते पाहत आलो होतो. दिवा निवडला, विकत आणला, लावून घेतला. आणि तरी हे मला दिसले नव्हते. विकणाऱ्याने ज्याला यंत्राची करामत म्हटले, ती अक्काच्या उजव्या हाताची सवय होती! पुस्तकी माणसाला शब्दाचा एकच अर्थ पुरतो आणि तोच त्याला बुडवतो. वस्तीने तोच शब्द उचलला आणि सरळ, उघड अर्थाने वापरला.

दिवसभर पेट्या येत राहिल्या, चिंध्या बांधल्या जात राहिल्या. संध्याकाळी मी उगाच ओढ्यापर्यंत उतरलो आणि पायवाटेने परत चढू लागलो. वाऱ्यावर रॉकेल नव्हते, तापलेली काच नव्हती. मावशीच्या चुलीवरच्या भाकरीचा खमंग वास तेवढा होता. वर ओसरीच्या कोपऱ्यावर करडईच्या फुलाएवढा ठिपका. त्याच्या शेजारी, खुंटीवर, अक्काचा कंदील. मी जवळ गेलो. पायरीपाशी पोचलो आणि उंबरा, कुलूप, माझे दोन्ही हात लख्ख दिसू लागले. मी तिथेच उभा राहिलो.

तो उजेड मावशीला तिच्या दारातून दिसला असावा. तिने चुलीपासूनच हाक मारली:

"आलाव का दादा? वाढू का?"

"वाढा," मी म्हणालो.