तटाला चुना

आमच्या गावचा तट कोणी बांधला हे बाबांना पक्कं ठाऊक आहे, फक्त उत्तर दरवेळी वेगळं असतं. शिकलेला पाहुणा असला की तट यादवांच्या काळातला, फौजेतला असला की पेंढाऱ्यांना अडवायला बांधलेला. आज उरलाय वेशीजवळचा एक तुकडा. काळे दगड, वर पांढरी माती, मधे बंदुकीची भोकं आणि जागा मिळेल तिथे काकूंच्या गोवऱ्या. धाड गावच्या बाजाराला जाणारे त्याला टेकून जीपची वाट बघतात.

माझं बघण्यापासून लग्नापर्यंत सगळं सासरच्या गावीच झालं. लग्नाच्या पंगतीत बाबांनी सासऱ्यांपुढे हा तट इतका वाढवून सांगितला की सासरे म्हणाले, "दिवाळसणाले पोराबरोबर मी बी येतो. पाहू तं द्या आमाले."

बाबांचा चेहरा उतरला. मोताळ्याला सासरचं घर दोन मजली. आमच्या दोन खोल्या, वर टिनं, आणि न्हाणीला दाराऐवजी आईची जुनी साडी. घर दिसलं की पोरीला सासरी ऐकावं लागेल, ही त्यांची धास्ती. ती मला कळत होती आणि तिचा रागही येत होता. त्यांनी बेत आखला: पाहुण्यांना तटापाशीच उतरवायचं, लिंबाखाली चहा पाजायचा आणि जेवायला थेट काकांच्या स्लॅबच्या घरी न्यायचं.

शिवाय पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे भिंतीला चुन्याचा हात मारतातच. मी माहेरी पोचले तर गोवऱ्या गायब, अख्खा तट चुन्यानं लखलखतोय आणि खाली गेरूचा पट्टा.

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

"इवाई येऊन राह्यले ना बाई. मळका दाखवू काय त्याईले?"

सासरे आले. तटाला पाठ करून निवांत चहा प्यायले आणि कप ठेवून म्हणाले, "इवाई, शाळेचं कंपाउंड मस्त रंगवलं. बरं, तट कुठी हाय?"

नवरा फिस्सकन हसला. मी त्याला कोपरानं ढोसलं, कारण बाबांचं तोंड बघवत नव्हतं. ते उठले, बादली आणली आणि ओल्या पोत्यानं तट घासायला लागले. चुना ओघळला, काळा दगड दिसू लागला.

"अरे, हा तं खरंच जुना हाय!" म्हणत सासऱ्यांनीही बाह्या सरसावल्या. आता दोघांनाही चेव चढला. बाबांनी वरच्या मातीवर जोरात पाणी मारलं आणि ते सगळं खाली वाकलेल्या सासऱ्यांवर आलं. टोपीपासून धोतरापर्यंत माणूस पांढरा.

"न्हाणी कुठी हाय? आग होऊन राह्यली," ते ओरडले.

काकांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आमचं तटाच्या मागेच. बाबा पोतंच पिळत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "मामाजी, चला. हे काय आपलं घर."

आईच्या साडीआड सासऱ्यांनी खंगाळून आंघोळ केली. मग बाबांची लुंगी-बनियन घालून ते सरळ चुलीपाशी येऊन बसले. घरात फक्त सकाळची भाकर आणि बेसन. तिकडे काकांकडची पुरणपोळी गार होत होती आणि इकडे हे म्हणत होते, "अजून अर्धी द्या."

बाबा दारातच घुटमळत होते. मी पाणी द्यायला उठले तशी त्यांनी मला बाजूला ओढलं. आता टिनांबद्दल काहीतरी बोलतील असं वाटलं.

"तुह्या सासऱ्याले माही बनियन नेमकी बसली, बाई," ते हळूच म्हणाले, आणि आत जाऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसले.