बुरशीबाईंचं तिसरं वर्ष

बुरशी म्हटलं की लोक नाक मुरडतात. भिंतीवर आली तर खरवडतात, धान्याला लागली तर उन्हात घालतात. आणि इथे भात संशोधन केंद्राच्या मागच्या शेडमध्ये एक बाई सव्वीस वर्षं बुरशी जपत बसलेली, मग तिला दुसरं नाव काय पडणार? शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे बुरशीबाईच म्हणत. सुरुवातीला बाईंना राग यायचा, मग त्यांनी तो नाद सोडला. एकदा कुणीतरी पाकिटावरही तसंच लिहिलं, तर ते बिनचूक त्यांच्याच टेबलावर येऊन पडलं.

हुद्दा प्रयोगशाळा मदतनीसाचा. म्हणजे काचा धुवायच्या, माती चाळायची आणि काही बिनसलं की पहिला ओरडा आपण खायचा. पण ही बुरशी जगवणं बाईंशिवाय कुणाला जमत नव्हतं. ती बाटलीत वाढत नाही, तिला जिवंत मूळ लागतं. म्हणून शेडमध्ये चाळीस कुंड्या, कुंड्यांत मका आणि मक्याच्या मुळांत बुरशी. मका वाळला की त्याच मातीत नवा पेरायचा. सुट्टीच्या दिवशी पाणी कोण घालणार, म्हणून बाई सुट्टीलाही यायच्या. नवरा होता तोवर म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्या मक्याची काळजी जास्त." खोटं नव्हतंच ते.

एवढं काय होतं त्या मातीत? तर ही बुरशी भाताच्या मुळात शिरते, मुळांचे हात पोचत नाहीत तिथलं खत ओढून रोपाला आणून देते आणि मोबदल्यात रोपाची थोडी साखर खाते. त्यामुळे खत निम्मं टाकलं तरी पीक जवळजवळ तेवढंच येतं. "खत बंद नाही करायचं हो, कमी करायचं," हे सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला होता. अट एकच. खत भरमसाट दिलं, त्यातून डीएपीसारखं स्फुरदाचं, की रोप बुरशीला दारात उभं करत नाही. आयतं मिळत असताना वाटेकरी कोण ठेवील?

हे खऱ्या शेतात तीन वर्षं करून दाखवायचं ठरलं, तेव्हा शेत द्यायला कुणी तयार होईना. माणसं पैसे देऊन रोग मारतात आणि ही बाई फुकट आणून सोडतेय, असं लोक म्हणायचे. शेवटी दादाने शेत दिलं. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा बाई पाच वर्षांच्या होत्या. तेव्हापासून त्यांची वेणी दादाच घालायचा, वाकडीतिकडी का होईना. माणूस कष्टाळू, तापट आणि लोक काय म्हणतील या एका गोष्टीला जन्मभर भ्यालेला.

शेतात आळीपाळीने पट्टे आखले. एक पूर्ण खताचा, एक निम्म्या खताचा आणि कुंड्यांतली बुरशीची माती मिसळलेला. पहिली दोन वर्षं बुरशीच्या पट्ट्यांनी पूर्ण खताच्या शंभराला सत्त्याण्णव पीक दिलं. तिसऱ्या वर्षीही तसंच आलं असतं तर शेतकऱ्यांसाठी शिफारस निघणार होती आणि शेड कायमची राहणार होती. बाईंची निवृत्तीही त्याच वर्षाअखेर. त्यांच्या हातात हे एकच वर्ष उरलं होतं.

नेमकं त्याच वर्षी लावणीनंतर आभाळ धरून राहिलं. बुरशी आधी आपला वाटा घेते आणि मग द्यायला लागते, त्यामुळे सुरुवातीला ते पट्टे मागे पडतातच. या वेळी ऊन नसल्याने ते तीन आठवडे पिवळे राहिले. बांधावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा. "काय रे, बहिणीने शेत आजारी पाडलं वाटतं?" दादा वरवर हसायचा. बाई दर आठवड्याला येऊन बजावायच्या, "थोडा धीर धर दादा. हात लावू नकोस." तो मान हलवायचा.

मग एका आठवड्यात पट्टे हिरवेगार झाले. बाईंचा जीव भांड्यात पडला. फुलोऱ्याच्या वेळी त्यांनी मुळं खणून आणली, उकळली, निळ्या रंगात बुडवली. बुरशी असली की मुळाच्या आत निळे धागे दिसतात. मुळाचे शंभर तुकडे मोजायचे, त्यांतल्या किती तुकड्यांत धागे ते लिहायचं. मागच्या वर्षी पंचावन्न होते. या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्यामागून तुकडे कोरेच जाऊ लागले. रंग खराब झाला असेल म्हणून बाईंनी त्याच रंगात कुंडीतल्या मक्याचं मूळ बुडवलं. ते भरभरून निळं झालं. मग त्या उठल्या आणि थेट दादाच्या घरी गेल्या.

दादा ओट्यावर विळ्याला धार लावत होता. वहिनीने पाणी आणून दिलं. बाईंनी ते तसंच हातात धरलं.

"दादा, पट्ट्यांवर काही टाकलंस का?"

"टाकलं," तो मान वर न करता म्हणाला. "तीन घमेली डीएपी. सकाळी लवकर जाऊन. का, झाली ना रोपं हिरवी?"

"अरे, मी तुला काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस. आणि तुझे साहेब येऊन पिवळं शेत बघणार होते, त्याचं काय?" त्याने विळा खाली ठेवला. "जन्म गेला तुझा त्यांच्या काचा धुण्यात. जाता जाता तोंडघशी पडू देऊ तुला? कुणाला कळणार नाही. आपल्या दोघांत राहील."

बाईंना संतापायचं होतं, पण रडूच कोसळलं. वहिनी बिचारी पाठीवर हात फिरवत राहिली, तिला काही उमगलं नव्हतं.

दोन दिवस बाई कुंड्यांना पाणी घालता घालता एकच हिशेब करत राहिल्या. गप्प बसल्या तर या वर्षीचं पीक सगळ्यांत सरस ठरणार, पत्रक निघणार आणि ते वाचून गावोगावचे लोक खत निम्मं करणार. मग आपलं भात या तीन घमेल्यांच्या भातासारखं का येत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसणार. बोलल्या तर दादा. रागवावं तरी कुणावर? प्रेमाने माती केली, आणि ती निस्तरायची मात्र बाईंनी.

तिसऱ्या दिवशी साहेब शिफारशीचा अर्ज भरत होते. माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. "बाई, मुळांचा आकडा तेवढा राहिलाय. गेल्या वर्षीएवढाच ना?"

"चार," बाई म्हणाल्या.

साहेबांनी उठून दार लावलं. "बाई, पीक उभं आहे. मुळं कोण बघायला येतंय?"

"मी बघितलीत ना," बाई म्हणाल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

अहवालात एक ओळ आली: शेतकऱ्याने परस्पर खत दिल्यामुळे वर्ष बाद. गावच्या सभेत कुणा अधिकाऱ्याने ती मोठ्याने वाचून दाखवली. दादा मधल्या रांगेत बसला होता. लोक वळून वळून बघू लागले. सभा संपल्यावर तो बाईंपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चारचौघांत चोर ठरवलंस मला." त्यानंतर त्याने बोलणं टाकलं.

वर्ष वाढवून मिळालं नाही. प्रयोग गुंडाळला. बाई निवृत्त झाल्या. दोन कुंड्या घरी नेऊ का म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला होता. सरकारी मालमत्ता बाहेर नेता येणार नाही, असं तोंडी उत्तर आलं. महिन्याभरात शेड गाड्या लावायला मोकळी केली आणि कुंड्यांतली माती समोरच्या रस्त्याच्या खड्ड्यात ओतून वर डांबर फिरवलं. बाईंना हे पहारेकऱ्याकडून कळलं. अर्ज करण्याऐवजी पिशवीत घालून नेल्या असत्या तर कुणी विचारलंही नसतं, पण ते या बाईंना कुठलं सुचायला.

दीड वर्षाने, पेरणी तोंडावर आली असताना, दादा भर दुपारी दारात उभा राहिला. बाईंनी धावत जाऊन चहा टाकला. तो गुडघेदुखीचं बोलला, वहिनीच्या मोतीबिंदूचं बोलला. कप खाली ठेवून जमिनीकडे बघत म्हणाला, "ती तुझी माती घमेलंभर दे. एका कोपऱ्यात टाकून बघतो. खत निम्मंच घालीन, एक चिमूट जास्त नाही."

बाई म्हणाल्या, "नाही राहिली रे दादा. सगळी रस्त्याच्या खड्ड्यात घातली."

"घमेलंभरसुद्धा नाही?"

"ओंजळभरसुद्धा नाही."

दादाने त्यांच्याकडे नीट बघितलं. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा पाणी घालायला जायचीस तू. आणि आपल्यापुरती मूठभर ठेवली नाहीस? मी ओळखत नाही होय तुला?" तो उठला, चपला शोधू लागला. "राग आहे अजून. असू दे, चूक माझीच होती. नाही द्यायची तर नाही म्हण सरळ. पण माझ्याशी खोटं नको बोलूस."

"दादा, खरंच नाही रे," बाई म्हणाल्या. तो तोवर फाटकाबाहेर पडला होता. त्याला परत बोलावून दाखवावं असं घरात काहीच नव्हतं.