एका खांद्याचे तुकडे किती?

हाडांच्या डॉक्टरांकडे प्लास्टरपेक्षा किस्सेच जास्त साचतात. प्लास्टर दीड महिन्यात कापता येतं, किस्सा निघता निघत नाही! आम्ही अमरावती-अकोल्याचे सहा जण महिन्यातल्या एका रविवारी बडनेऱ्याला मित्राच्या दवाखान्यात जमतो. एक्स-रे बघतो, कचोरी खातो, भांडतो.

भांडण बहुतेक खांद्यावरून. हाडाचे किती तुकडे झाले, त्यावर फ्रॅक्चरचा प्रकार ठरतो. पण जागेवरून सरकलेलाच तुकडा मोजायचा. आता सरकला की नाही, हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर!

पहिल्याच रविवारी एक फोटो लावला. उत्तरं आली: दोन, तीन, तीन, चार, दोन. सहावे अकोल्याचे देशमुख सर, आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. ते शांतपणे म्हणाले, "फोटो उलटा लावला बाप्पा."

सरळ करून लावला. आता उत्तरं आली: तीन, दोन, चार, दोन, तीन!

*

एकदा मी सरांचीच परीक्षा घेतली. त्यांनी 'तीन' म्हटलेला एक्स-रे महिन्याभरानं नाव झाकून पुन्हा दाखवला.

"चार!" सर ठामपणे म्हणाले.

"सर, हा तोच फोटो आहे. तेव्हा तुम्ही तीन म्हणाला होता."

सरांनी चष्मा पुसला. "मंग? महिन्याभरात माहा अनुभव वाढला ना!"

*

माझीही फजिती झालीच. ओपीडीत एक जुना रिपोर्ट वाचून मी तडकलो, "चार तुकडे? कोणी लिहिलं हे? सरळसरळ तीन आहेत!"

पेशंटच्या नवऱ्यानं रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला. खाली माझीच सही.

"डाक्टरसायेब," तो अदबीनं म्हणाला, "मंग यातल्या कोणत्या डाक्टरचं आयकाव जी?"

*

पण सुमनबाई त्या सुमनबाई! मोर्शीकडच्या, साठी उलटलेल्या. संत्र्याच्या बागेत शिडीवरून पडल्या नि उजवा खांदा मोडला. आमच्यातली सगळ्यात तरुण डॉक्टर वैशाली त्यांना घेऊन रविवारी आली, बाहेरच्या बाकावर बसवलं. आत आमचा आवाज चढला. सर म्हणाले चार, मी तीन, वैशाली दोन.

दार उघडलं. गळ्यात हात बांधलेल्या सुमनबाई आत आल्या.

"तुकडे तुमी मोजत बसा जी. माहा हात वर होईन का, तेवढं सांगा. संत्रा खालून तुटत नाही!"

वैशालीनं सहा चिठ्ठ्या वाटल्या. "तुकडे नका लिहू. काय करायचं, तेवढंच लिहा."

सहाही चिठ्ठ्यांवर एकच उत्तर: ऑपरेशन नको. थोडे दिवस हात बांधा, मग व्यायाम.

आणि बाईंनी व्यायाम केला! रोज भिंतीवर बोटं चढवायच्या, पोचतील तिथे पेन्सिलीनं रेघ मारायच्या. पहिल्या आठवड्यात कळवळून रडल्या, पण रेघ चुकवली नाही.

तीन-चार महिन्यांनी त्या रविवारी पुन्हा आल्या. सर म्हणाले, "बाई, हात वर करून दाखवा."

हात सरळ डोक्यावर गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या, वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुमनबाईंनी मात्र हात खाली घेतला नाही. आम्हा सहाही जणांकडे एकेक करून बघितलं आणि विचारलं,

"हे तरी सगळ्याइले सारखंच दिसून राह्यलं ना?"